गोवा मुक्तिसंग्राम आणि सातारा-सांगली परिसर : पाठिंब्याचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. परंतु १५१० पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेला गोवा पारतंत्र्यातच राहिला. पुढे चौदा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर गोवा मुक्त झाला. या चौदा वर्षांचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग गोमंतकीय देशभक्तांच्या लढ्याचे, तर दुसरे दिल्ली आणि लिस्बन यांच्यातील राजनैतिक संघर्षाचे. या दोहोंच्या मध्ये तिसरा घटक उभा होता. तो म्हणजे गोव्याच्या शेजारच्या मराठी मुलखातील सामान्य कार्यकर्ता. त्याचा उल्लेख 'महाराष्ट्राचे योगदान' या एका वाक्यात उरकला जातो.

सातारा आणि सांगली हे जिल्हे गोव्याला लागून नाहीत. तरीही या परिसराचा गोव्याशी आलेला संबंध आकस्मिक नव्हता व तो १९५४-५५ च्या सत्याग्रहापुरता मर्यादितही नव्हता. १९४२ नंतरच्या भूमिगत चळवळीत या परिसराने गोव्याकडून काही घेतले होते. नंतरच्या काळात त्याने गोव्याला काही दिले. ही देवाणघेवाण 'योगदान' या एकेरी शब्दात बसत नाही. प्रस्तुत निबंधात या देवाणघेवाणीचे स्वरूप तपासण्याचा आणि एखाद्या वादग्रस्त प्रदेशाच्या मुक्तीसाठी शेजारच्या प्रदेशाने दिलेल्या पाठिंब्याला कोणत्या मर्यादा पडतात, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) सातारा-सांगली परिसर व गोवा यांच्यातील संबंधांची भौगोलिक आणि राजकीय पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) प्रतिसरकारच्या चळवळीचा गोव्याशी आलेला संबंध तपासणे.
३) १९५४-५५ च्या सत्याग्रहाच्या काळातील प्रादेशिक पाठिंब्याचे स्वरूप व त्यातील अडचण समजून घेणे.
४) मुक्तीनंतर या पाठिंब्याचे रूपांतर विलीनीकरणाच्या मागणीत झाल्याने निर्माण झालेल्या प्रश्नाचे विवेचन करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. भूमिगत चळवळीच्या संदर्भात लेखी कागद स्वाभाविकपणेच कमी असतात, कारण कागद सापडणे म्हणजे माणूस सापडणे होय. म्हणून या भागात कार्यकर्त्यांच्या आठवणींना साधन म्हणून स्थान दिले असून, आठवण आणि शासकीय नोंद यांतील फरक लक्षात ठेवला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

आज सातारा व सांगली हे दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्यांचा बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. ब्रिटिश हद्दीच्या आत-बाहेर औंध, सांगली, मिरज, जत, फलटण ही संस्थाने विखुरलेली होती. एका गावी ब्रिटिशांचा अंमल, तर शेजारच्या गावी संस्थानिकाचा, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात होते आणि औंधचे राजघराणे राष्ट्रीय चळवळीविषयी सहानुभूती बाळगणारे होते. १९३९ मध्ये त्या संस्थानात लोकांच्या हाती कारभार सोपविणारी राज्यघटनाही लागू झाली होती.

या रचनेचा भूमिगत कार्यकर्त्यांवर खोल परिणाम झाला. हद्द ही जशी अडवणारी रेषा असते, तशीच ती आसरा देणारीही असते, हे या कार्यकर्त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पोलिसांचा पाठलाग चुकवण्यासाठी एका अंमलातून दुसऱ्या अंमलात जाणे हा त्यांच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग होता. याच दृष्टीने पाहिल्यास गोवा ही त्यांच्या लेखी आणखी एक, परंतु अधिक मोठी व अधिक धोक्याची सरहद्द होती.

दुसरा घटक लोहमार्गाचा. पुण्याहून निघणारा मीटर गेज मार्ग कोरेगाव, कराड, शेणोली, किर्लोस्करवाडी, मिरज, बेळगाव असा लोंढ्यापर्यंत जात असे. लोंढ्याहून कॅसलरॉक आणि तेथून पोर्तुगीज हद्दीतील कुळे, मडगाव, मुरगाव असा मार्ग होता. म्हणजेच सातारा-सांगली परिसर नकाशावर गोव्यापासून दूर दिसत असला, तरी एकाच रुळांनी तो गोव्याशी जोडलेला होता. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी शेणोलीजवळ जी आगगाडी लुटली, ती याच मार्गावरची. सप्टेंबर १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया पुन्हा गोव्यात प्रवेश करीत असताना त्यांना कुळे स्थानकावर अटक झाली, तेही याच मार्गाच्या पुढील टप्प्यावर.

तिसरा घटक सांस्कृतिक. मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी केला आणि तिला उत्तमोत्तम गायक-नट गोव्याने दिले. मंगेशी येथे जन्मलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे कुटुंब काही वर्षे सांगलीत वास्तव्यास होते. सातारा-सांगलीतील वाचकाला व प्रेक्षकाला गोवा परका वाटत नव्हता, हे यावरून लक्षात येते. तथापि सांस्कृतिक जिव्हाळा आणि राजकीय कृती यांत अंतर असते. ते अंतर कसे भरून निघाले, हे पाहण्यासाठी प्रतिसरकारकडे वळावे लागते.

प्रतिसरकार आणि गोवा

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनाचा पहिला टप्पा सातारा जिल्ह्यात मोर्चांचा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली व १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले. न्यायदान मंडळे, दारूबंदी, सावकारीस व गुंडगिरीस आळा आणि तुफान सेनेचे संघटन ही या प्रतिसरकारची कार्ये सर्वपरिचित आहेत. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आदी तरुण कार्यकर्ते या कामात अग्रभागी होते.

अशा संघटनेस शस्त्रांची गरज होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रबंदीचा कायदा कडक होता. गोव्यात तो कायदा लागू नव्हता. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्याने ब्रिटिश पोलिसांना तेथे थेट हात घालणेही शक्य नव्हते. त्यामुळे प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी शस्त्रांसाठी गोव्याकडे पाहिले. नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींत १९४४ मधील अशा एका कामगिरीचा तपशील आला आहे. शस्त्रे आणण्याच्या कामात असलेले बाळ जोशी हे कार्यकर्ते पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागले. त्यांची सुटका करण्यासाठी गेलेल्या गटात हौसाबाई होत्या. बहीण असल्याचे सांगून त्या तुरुंगात जोशींना भेटल्या आणि सुटकेच्या योजनेचा कागद त्यांनी अंबाड्यात लपवून नेला. परतताना लोहमार्गावर पोलिसांचा पहारा असल्याने पायी मजल मारावी लागली व रात्री एका लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी ओलांडावी लागली, असे त्यांनी सांगितले आहे.

ही माहिती अनेक वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीवर आधारलेली आहे व तिचा स्वीकार त्याच मर्यादेत करावयास हवा. तरीही तिच्यातून तीन गोष्टी निश्चित दिसतात. पहिली, गोव्याकडे जाणाऱ्या वाटा, नद्या आणि पहारे यांचे ज्ञान या परिसरातील कार्यकर्त्यांना गोव्याचा लढा तीव्र होण्यापूर्वीच होते. दुसरी, या टप्प्यावर गोवा हे त्यांच्यासाठी मुक्त करावयाचे ठिकाण नव्हते, तर स्वतःच्या मुक्तीसाठी उपयोगी पडणारे ठिकाण होते. तिसरी, पोर्तुगीज राजवटीचा अनुभव त्यांना तुरुंगाच्या गजांतून आला होता. ब्रिटिशांविरुद्ध लढताना पोर्तुगीज तुरुंगात पडलेल्या सहकाऱ्यामुळे दोन साम्राज्यांतील फरक त्यांच्या दृष्टीने पुसट झाला.

डॉ. लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे जाहीर सभेचा प्रयत्न करून नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीस तोंड फोडले, तेव्हा प्रतिसरकारचे पर्व संपत आले होते. गोव्यातील चळवळ मात्र दडपशाहीखाली सापडली. गोवा काँग्रेस समितीचे संस्थापक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमध्ये नेले. जाहीर चळवळीची दारे बंद झाल्यावर १९४७ मध्ये आझाद गोमंतक दलासारखी सशस्त्र मार्ग पत्करणारी संघटना उभी राहिली. साताऱ्यात १९४२-४३ मध्ये जे घडले, त्याच क्रमाने गोव्यात हे घडले. मोर्चा, गोळी किंवा तुरुंग आणि मग भूमिगत संघटना हा क्रम दोन्हीकडे समान आहे. गोव्यातील भूमिगतांविषयी या परिसरात जी आस्था निर्माण झाली, तिचे एक कारण या समान अनुभवात शोधता येते.

हैदराबाद व गोवा : एक तुलना

गोव्यापूर्वी या परिसरातील कार्यकर्त्यांनी आणखी एका मुक्तिलढ्यास हातभार लावला होता. १९४७-४८ मध्ये निजामाच्या राजवटीविरुद्ध हैदराबाद संस्थानात जो लढा झाला, त्यात नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे प्रतिसरकारचे कार्यकर्तेही उतरले होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने तो प्रश्न सुटला.

दोन्ही लढ्यांतील साम्य उघड आहे. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. हैदराबाद हे चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले संस्थान होते आणि निजामाच्या मागे कोणतीही परकीय सत्ता उघडपणे उभी राहिली नाही. गोव्याच्या बाबतीत प्रश्न एका सार्वभौम युरोपीय राष्ट्राशी होता. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपली घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' ठरविले आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, असा युक्तिवाद सुरू केला. पोर्तुगाल हा उत्तर अटलांटिक करार संघटनेचा सदस्य असल्याने या युक्तिवादास वजन होते. २ डिसेंबर १९५५ च्या अमेरिका-पोर्तुगाल संयुक्त निवेदनात गोव्यासह पूर्वेकडील मुलखाचा उल्लेख 'पोर्तुगीज प्रांत' असाच झाला. त्यामुळे हैदराबादच्या सरहद्दीवर जे चालून गेले, ते गोव्याच्या सरहद्दीवर चालणारे नव्हते. शेजारच्या प्रदेशातून जाणारा प्रत्येक स्वयंसेवक आता आंतरराष्ट्रीय वादाचा मुद्दा बनत होता.

१९५४-५५ : सत्याग्रह आणि 'बाहेरचे लोक' हा आक्षेप

लिस्बनमधील भारतीय वकिलात ११ जून १९५३ रोजी बंद झाली आणि वाटाघाटींचा मार्ग खुंटला. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. या मोहिमेसाठी निधी उभारण्याच्या कामी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला व लता मंगेशकर यांनी त्यासाठी पुण्यात कार्यक्रम केला. ज्या सांस्कृतिक जिव्हाळ्याचा उल्लेख वर केला, तो येथे प्रत्यक्ष कार्यास उपयोगी पडलेला दिसतो.

दादरा-नगरहवेलीच्या यशाने गोव्याविषयीच्या अपेक्षा वाढल्या. १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यात व अन्य ठिकाणी गोमंतकीय सत्याग्रहींनी प्रवेश केला. भारत सरकारने मात्र या वेळी गोमंतकीयांखेरीज इतर भारतीयांना सरहद्द ओलांडू दिली नाही. सरकारची भूमिका समजण्यासारखी होती. गोव्यातील जनता पोर्तुगीज राजवटीवर संतुष्ट असून सारा उपद्रव भारतातून येणाऱ्या लोकांचा आहे, असे लिस्बन जगाला सांगत होते. भारतीय स्वयंसेवक मोठ्या संख्येने गेले असते, तर त्या प्रचारास आयताच पुरावा मिळाला असता.

दुसरीकडे, गोमंतकीयांनी एकट्यानेच लढावे असे म्हणणे म्हणजे लहानशा लोकसंख्येस सालाझारच्या पोलिसांपुढे एकटे सोडण्यासारखे होते. पाठिंबा द्यावा तर लढा परकीयांचा ठरतो, न द्यावा तर लढा चिरडला जातो, अशी ही कोंडी होती. प्रादेशिक पाठिंब्याच्या प्रश्नाचे मर्म या कोंडीत आहे.

महाराष्ट्रातील विरोधी पक्षांनी या कोंडीचे उत्तर अहिंसक सत्याग्रहात शोधले. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. तिच्या नावातील 'सहायक' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. लढा गोमंतकीयांचा व आपण साहाय्यक, ही भूमिका त्यात व्यक्त होते. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी आदी नेते या कामात होते. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी गोव्यात शिरली. गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर शिरूभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये हे पाठोपाठ गेले. समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष, हिंदू महासभा व जनसंघ असे परस्परविरोधी विचारांचे पक्ष या प्रश्नावर एकत्र आले.

सातारा-सांगली परिसरात या आवाहनास अनुकूल भूमी होती. प्रतिसरकारचे कार्यकर्ते स्वातंत्र्यानंतर एका पक्षात राहिले नव्हते. यशवंतराव चव्हाण व वसंतदादा पाटील काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील प्रथम शेतकरी कामगार पक्षात व पुढे साम्यवादी पक्षात गेले. काहींनी अन्य डावे गट पत्करले. पक्ष बदलले तरी गावोगावची ओळख, निरोप पोचविण्याची रीत, भाकऱ्या जमविण्याची सवय आणि तुरुंगाची भीती गेलेली मने कायम होती. अशा परिसरात सत्याग्रहाची सभा म्हणजे नवी गोष्ट नव्हती. बेळगाव आणि सावंतवाडी-बांदा ही सत्याग्रहींची प्रमुख ठाणी होती आणि मिरजेहून बेळगावकडे जाणारी गाडी या परिसराच्या दारातूनच जात होती.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या हजारो सत्याग्रहींनी अनेक ठिकाणांहून गोव्याची सरहद्द ओलांडली. पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या व वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. पत्रादेवी येथे पडलेले कर्नेलसिंग बेनिपाल पंजाबचे होते. गोळी झाडणाऱ्याने प्रांत विचारला नव्हता. यानंतर भारताने पोर्तुगीज वाणिज्य दूतावास बंद करविले, गोव्याशी असलेला लोहमार्गाचा संबंध तुटला आणि आर्थिक कोंडी कडक झाली. मात्र सप्टेंबर १९५५ मध्ये सामूहिक सत्याग्रहासही सरकारने प्रतिबंध केला. हजारोंनी सोसलेल्या मारातून जे मिळाले ते सरहद्द बंद होणे होते, मुक्ती नव्हे. कार्यकर्त्यांच्या मनात याविषयी जी निराशा होती, ती अनाठायी म्हणता येत नाही. तथापि निःशस्त्रांवरील गोळीबाराने पोर्तुगीज राजवटीचे स्वरूप जगापुढे उघडे पडले, हा या बलिदानाचा परिणाम दुर्लक्षिता येणार नाही.

मोहन रानडे : साहाय्यक की गोमंतकीय ?

सांगली परिसराचा गोव्याशी असलेला संबंध एका व्यक्तीच्या जीवनात एकवटलेला दिसतो. मोहन रानडे यांचा जन्म १९३० मध्ये सांगलीत झाला. त्यांचे मूळ नाव मनोहर आपटे. आझाद गोमंतक दलाच्या कार्यासाठी ते गोव्यात गेले आणि मराठीचे शिक्षक म्हणून राहू लागले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली व पुढे पोर्तुगालमधील तुरुंगात नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे सहा वर्षे एकांतवासाची होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण ज्याने त्यासाठी शिक्षा भोगली तो लिस्बनच्या तुरुंगातच राहिला. भारत व पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंध नसल्याने सरळ मार्ग नव्हता. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी अथक प्रयत्न केले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये व्हॅटिकन येथे पोपची भेट घेऊन रानडे यांच्या सुटकेसाठी रदबदली करण्याची विनंती केली. जानेवारी १९६९ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, रानडे सुटले. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी अण्णादुराई यांचे निधन झाले. २००१ मध्ये रानडे यांना पद्मश्री मिळाली व २५ जून २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून निघणारा प्रश्न असा की, रानडे यांना 'बाहेरचे' म्हणावे काय? सत्याग्रही सरहद्द ओलांडून जात व बहुधा त्याच दिवशी मार खाऊन परत येत. रानडे यांनी गोव्यात राहून, तेथील मुलांना शिकवून, तेथील संघटनेच्या शिस्तीखाली काम केले. साहाय्यकाने स्वतःला लढणाऱ्यांच्या निर्णयाधीन केले की 'बाहेरचा' हा आक्षेप आपोआप गळून पडतो. पाठिंब्याचा हा प्रकार संख्येने लहान, पण नैतिकदृष्ट्या अधिक भक्कम होता, असे म्हणता येईल.

पाठिंब्याकडून दाव्याकडे

गोव्याच्या प्रश्नावर एकत्र आलेले पक्ष फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या रूपाने पुन्हा एकत्र आले. गोवा सत्याग्रह ही एका अर्थाने या एकजुटीची पूर्वतयारी होती. १९५७ च्या निवडणुकीत सातारा परिसराने समितीला भरघोस साथ दिली. नाना पाटील लोकसभेवर निवडून आले आणि कराडमधून यशवंतराव चव्हाण यांचा विजय निसटत्या मताधिक्याने झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, पण बेळगाव बाहेर राहिले. मराठी भाषकांचे एकसंध राज्य अपुरे राहिल्याची खंत ताजी असतानाच गोवा मुक्त झाला.

येथे 'साहाय्य' या भूमिकेत बदल झाला. मुक्तीसाठी झटलेल्या महाराष्ट्रातील अनेकांना गोवा महाराष्ट्रात विलीन होणे ही स्वाभाविक पुढची पायरी वाटली. गोव्यातही या मताचा मोठा वर्ग होता. दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष डिसेंबर १९६३ मध्ये सत्तेवर आला. बहुजन समाजाची शिक्षणाची व जमिनीची आकांक्षा त्यामागे होती, हे विसरता येत नाही. तरीही १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने स्वतंत्र अस्तित्व निवडले. ३० मे १९८७ रोजी त्यास घटकराज्याचा दर्जा मिळाला.

या कौलाने महाराष्ट्रात अनेकांना दुःख झाले. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या भावना समजून घेतल्या पाहिजेत. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे मांडावी लागते. १९५५ मध्ये सत्याग्रही ज्या तत्त्वासाठी गेले, ते तत्त्व गोव्यातील लोकांनी आपले भवितव्य स्वतः ठरवावे हे होते. १९६७ मध्ये त्यांनी ते ठरविले. निर्णय आपल्या इच्छेविरुद्ध गेला म्हणून साहाय्य वाया गेले असे मानणे, हे साहाय्याच्या मूळ हेतूशीच विसंगत ठरेल. उलट, साहाय्य यशस्वी झाले याचा पुरावा म्हणजेच तो कौल होय.

नोंदीचा प्रश्न

या परिसरातील सामान्य सत्याग्रहींच्या बाबतीत एक अन्याय मात्र घडला आहे. वडूज वा इस्लामपूरचा हुतात्मा आपल्याच मातीत पडला. त्याचे नाव तेथील स्मारकावर आहे व गावकरी दरवर्षी त्यास वंदन करतात. गोव्याच्या सरहद्दीवर मार खाल्लेल्या माणसाचे स्मारक ना त्याच्या गावी, ना गोव्यात. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारण अट किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची होती. सत्याग्रहींची नित्याची शिक्षा मात्र निराळी होती. काठ्यांनी व बंदुकीच्या दस्त्यांनी बडवून त्यांना सरहद्दीपलीकडे टाकले जाई. अशा शिक्षेची तुरुंगात नोंद होत नाही. गोव्याच्या सत्याग्रहींसाठी या अटी शिथिल करण्याचा विचार झाला, तो जवळजवळ अर्धशतक उलटल्यावर. तोवर कित्येक सत्याग्रही हयात नव्हते.

म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे निश्चित काम आहे. ग्रामपंचायतींचे व शाळांचे जुने दप्तर, पक्षकार्यालयांतील सभावृत्तान्त, स्थानिक साप्ताहिकांचे १९५४-५५ चे अंक आणि घराघरांतील पत्रे यांतून ही नावे जमविता येतील. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तालुकावार असे संकलन हाती घेतल्यास ते पदवीच्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे. हयात कुटुंबीयांच्या मुलाखती प्रथम घ्याव्या लागतील, कारण कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

निष्कर्ष

१) सातारा-सांगली परिसर व गोवा यांचा राजकीय संबंध १९५४ मध्ये सुरू झाला नाही. प्रतिसरकारच्या काळात शस्त्रांच्या निमित्ताने तो आधीच निर्माण झाला होता व त्या वेळी घेणारा हा परिसर होता.

२) संस्थानी हद्दी आणि पुणे-मिरज-लोंढा लोहमार्ग या दोन घटकांनी या संबंधास प्रत्यक्ष आधार दिला. सांस्कृतिक जिव्हाळा त्यास पूरक ठरला.

३) हैदराबादपेक्षा गोव्याचा प्रश्न निराळा होता. तेथे प्रादेशिक पाठिंबा हाच विरोधकाच्या हाती युक्तिवाद देत असे. अहिंसक सत्याग्रह आणि 'सहायक' ही भूमिका हे त्या कोंडीवरील उत्तर होते.

४) मोहन रानडे यांच्या जीवनातून पाठिंब्याचा दुसरा प्रकार दिसतो. त्यात साहाय्यक लढणाऱ्यांच्या संघटनेत विलीन होतो.

५) १९६७ च्या जनमत कौलाने पाठिंबा आणि दावा यांतील सीमारेषा स्पष्ट केली. मुक्तीस हातभार लावणाऱ्यास कृतज्ञतेचा हक्क असतो, निर्णयाचा नसतो.

६) तुरुंगवास हाच निकष मानल्याने सामान्य सत्याग्रहींची नोंद राहून गेली. या नोंदीचे संकलन हे स्थानिक इतिहासलेखनाचे तातडीचे कर्तव्य आहे.